जाड लोखंड गॅस कटरने कापून कामाची गाडी हलकी करणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फॅब्रिकेशनचं काम करतो, कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत. चारशे सात गाडीवर (टाटाचा छोटा ट्रक) वेल्डिंग सेट, सिलेंडर, व्हाइस (काम पकडून ठेवायचा शिकंजा) असं सगळं बसवलंय आणि गळीत हंगाम संपला की साखर कारखान्यांची दुरुस्ती, बाकी वर्षभर खडी क्रशरची, जेसीबीच्या बकेटची कामं. ही गाडी मी जुनी घेतली तेव्हा तिच्यावर आधीच्या मालकाने इतकं लोखंड चढवलं होतं की रिकामी गाडीच भरल्यासारखी चालायची, ते सगळं मी कापून काढलं. तेव्हापासून बरेच गाडीवाले आणि नवीन पोरं तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

कामाच्या गाडीला एवढं जादा वजन येतं कुठून?

हळूहळू येतं, म्हणून लक्षात येत नाही. हौद्याची प्लेट एका जागी गंजली की ती न काढता वरून दुसरी मारतात, फाळका वाकला की आतून चॅनल, बंपर एकदा ठोकला की पुढच्या वेळी २५ मिमीच्या प्लेटचा, व्हाइस बसवायला म्हणून मागे एक जाड ठोकळा, आणि वर्कशॉपमध्ये जी प्लेट पडलेली असते तीच वापरली जाते कारण ती फुकट असते. माझ्या गाडीत हौद्याला १२ मिमीची प्लेट होती. बारा! चेकर प्लेट ५ मिमीची पुरली असती तिथे.

कापायच्या आधी कसं कळणार किती वजन कमी होईल?

हिशोब सोपा आहे आणि तो आधी करायचाच. लोखंडाची १ मिमी जाड, १ मीटर बाय १ मीटर प्लेट ७.८५ किलो भरते, म्हणजे १० मिमीची ७८.५ किलो, २५ मिमीची १९६ किलो. माझा हौदा ३ मीटर लांब आणि १.८ मीटर रुंद, म्हणजे ५.४ चौरस मीटर, त्याला १२ मिमीने गुणलं तर जवळपास ५०९ किलो. तीच प्लेट ५ मिमीची असती तर २१२ किलो. फरक २९७ किलोचा, म्हणजे सिमेंटची सहा पोती मी रोज उगाच घेऊन फिरत होतो.

आणि गाडी घेऊन वजनकाट्यावर जा. आधी टाकी फुल करून, सगळं सामान उतरवून रिकाम्या गाडीचं वजन घ्या, मग नुसती पुढची चाकं काट्यावर ठेवून घ्या, मग नुसती मागची. तिन्ही पावत्या जपून ठेवा, आरसीवरच्या रिकाम्या वजनाशी त्या ताडून बघितल्या की किती लोखंड नंतर चढलंय ते कळतं.

पुढचं-मागचं वेगळं वजन कशाला घ्यायचं?

कारण कुठून कापलं यावर गाडीचा तोल बदलतो. समजा दोन अॅक्सलमधलं अंतर ३ मीटर आहे आणि मागच्या अॅक्सलच्या मागे १ मीटरवर १०० किलोचा ठोकळा आहे, तर तो मागच्या अॅक्सलवर १०० नाही, १३३ किलो टाकतो आणि पुढची चाकं ३३ किलोने उचलतो. म्हणजे मागचं लटकणारं वजन काढलं की पुढची चाकं नीट टेकतात आणि स्टिअरिंगला पकड येते. पुढच्या बंपरचंही तसंच, फक्त उलट दिशेने. म्हणून मी सगळ्यात आधी दोन्ही टोकांचं लोखंड काढायला सांगतो, मधलं नंतर.

काय कापायचं आणि कशाला हात लावायचा नाही?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि लोक तो सगळ्यात शेवटी विचारतात, कधीकधी कापून झाल्यावर.

माझा नियम असा की जे कंपनीतून आलं ते राहणार आणि जे नंतर कुणीतरी चढवलं त्याचाच विचार करायचा. चेसिसच्या दोन लांब मेंबरना गॅस लावायचा नाही, त्यांना जोडणाऱ्या आडव्या क्रॉस मेंबरला नाही, कमानपाट्यांच्या ब्रॅकेटला नाही, स्टिअरिंग बॉक्स जिथे बसतो तिथे तर टॉर्च (गॅस कटरचा हातात धरायचा भाग) न्यायचीच नाही. चेसिसचं लोखंड बऱ्याच गाड्यांत साध्या एमएसपेक्षा (माइल्ड स्टील, नेहमीचं लोखंड) वरच्या ताकदीचं असतं, त्याला एकदा लाल केलं की तिथली ताकद बदलते, वरून काही दिसत नाही आणि सहा महिन्यांनी बरोबर त्याच जागी चीर पडते. चॅनलच्या वरच्या-खालच्या पट्टीला छोटीशी खाच जरी पडली तरी चीर तिथूनच सुरू होते, कारण वाकण्याचा सगळा ताण त्याच पट्ट्यांवर असतो. एखादी जादा प्लेट चेसिसला थेट वेल्ड केलेली असेल तर गॅसने मुळापर्यंत जायचं नाही, १५-२० मिमी लांबून कापायचं आणि उरलेला तुकडा ग्राइंडरने सावकाश उतरवायचा. वेळ लागतो, लागू दे.

मागचा आडवा गार्ड आणि बाजूचे गार्ड पण काढायचे नाहीत, वजनासाठी तर अजिबात नाही. मागून येणारी मोटरसायकल किंवा कार हौद्याखाली घुसू नये म्हणून ते असतात, त्यात वाचणारे वीस-तीस किलो मला नकोत.

ग्राइंडरने नाही का होणार? गॅस कटरच का?

६ मिमीपर्यंत ग्राइंडरने होतं की. पण १२ मिमीची तीन मीटर लाईन ग्राइंडरने मारायची म्हणजे चाकांचा ढीग लागतो, खांदे भरून येतात आणि चाक अडकून फुटायची भीती वेगळी. विजेवर चालणारा प्लाझ्मा कटर चांगला आहे, कट स्वच्छ येतो, पण जाडी वाढली की मशीन मोठं लागतं, कंप्रेसर लागतो, आणि रस्त्याच्या कडेला वीज कुठली. गॅसला जाडीचं काही वाटत नाही, साध्या हातातल्या टॉर्चला मोठं नोझल लावलं की १०० मिमी पण कापते.

गॅस कटर लोखंड वितळवतो ना?

नाही, जाळतो. हे समजलं की अर्धं काम समजलं. कडेच्या छोट्या ज्योतींनी लोखंड फक्त तापवायचं असतं, साधारण ९०० डिग्रीच्या आसपास, म्हणजे चांगलं लालभडक, आणि मग टॉर्चवरचा दांडा दाबला की मधून जो शुद्ध ऑक्सिजनचा झोत येतो त्यात लोखंड अक्षरशः जळतं. जळताना ते स्वतःच उष्णता देतं म्हणून पुढचा भाग तापत जातो. जळून जो ऑक्साईड होतो तो लोखंडापेक्षा कमी तापमानाला वितळतो, त्यामुळे पातळ होऊन झोताबरोबर खाली पडतो आणि रस्ता मोकळा होतो.

स्टेनलेस का कापलं जात नाही याचं उत्तर पण इथेच आहे, त्यातल्या क्रोमियमचा ऑक्साईड खूप वरच्या तापमानाला वितळतो, तो वर पापुद्र्यासारखा बसतो आणि ऑक्सिजनला आत जाऊ देत नाही. अॅल्युमिनियमचंही तेच. बिडाचा पण कट नीट येत नाही. म्हणून टॉर्च पेटवायच्या आधी तुकडा कशाचा आहे ते बघा, चुंबक लावा, ग्राइंडरची ठिणगी बघा.

ऑक्सिजनची शुद्धता ९९.५ टक्क्यांच्या खाली गेली की झोत मार खातो, वेग पडतो आणि खाली चिकट मळी (जळलेल्या लोखंडाचा कचरा) राहते. सगळं बरोबर असून कट येत नसेल तर एकदा सिलेंडर बदलून बघा.

डीए घ्यायचा की एलपीजी?

डीए म्हणजे सिलेंडरमध्ये विरघळवून भरलेला अॅसिटिलिन गॅस. दोन्ही चालतात, मी गाडीच्या कामाला डीए वापरतो. डीएची ज्योत साधारण ३१०० डिग्रीपर्यंत जाते, एलपीजीची २८०० च्या आसपास, पण मुख्य फरक तेवढाच नाही, डीएची उष्णता एका टोकाला एकवटते म्हणून भोक पाडायला, गंजलेल्या-रंगलेल्या प्लेटवर सुरुवात करायला पटकन होतं. एलपीजी स्वस्त पडतो, लांब सरळ कट असतील तर कड पण छान येते, फक्त तापायला वेळ लागतो आणि ज्योतीसाठी ऑक्सिजन बराच जास्त खातो. नोझल दोघांचं वेगळं असतं, डीएचं नोझल एलपीजीला लावायचं नाही. घरगुती १४.२ किलोची टाकी वापरू नका, तो गुन्हा आहे, १९ किलोची कमर्शियल घ्या. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली जाऊन बसतो, म्हणून गाडी पिटवर उभी करून खाली एलपीजीची टॉर्च घेऊन उतरू नका.

प्रेशर आणि नोझल किती नंबरचं?

१२ मिमीच्या प्लेटला मी ३/६४ चं नोझल (भोकाचं माप, इंचात) आणि ऑक्सिजनचा दाब २ किलोच्या (प्रति चौरस सेंमी) आसपास ठेवतो, २५ मिमी आणि पुढे १/१६ चं नोझल आणि ३ किलोपर्यंत. नोझल कंपनीचा चार्ट असतो, तो पत्र्यावर चिकटवून गाडीत लावून टाका. डीएला ०.२-०.३ किलो पुरतं, आणि काही झालं तरी १ किलोच्या वर न्यायचंच नाही, कारण त्या दाबाच्या पुढे अॅसिटिलिन मोकळ्या नळीत स्वतःच फुटू शकतो, त्याला हवा पण लागत नाही. सिलेंडरमध्ये तो सच्छिद्र मसाल्यात शोषलेल्या अॅसिटोनमध्ये विरघळलेला असतो म्हणून सुरक्षित राहतो, आणि म्हणूनच सिलेंडर उभाच ठेवायचा. आडवा ठेवून वापरला तर अॅसिटोन नळीत येतं.

एका तासात सिलेंडरच्या एकूण गॅसच्या सातव्या भागापेक्षा जास्त ओढायचा नाही असाही नियम आहे. साध्या कटिंगला अडचण येत नाही, पण मोठं हीटिंग नोझल लावलं की लगेच त्याच्या बाहेर जातो.

ऑक्सिजनचा एक सिलेंडर किती पुरतो?

मोठा सिलेंडर साधारण ७ घनमीटरचा. १२ मिमीला सलग कापत राहिलं तर तासाला दोन-अडीच घनमीटर जातो, म्हणजे पावणेतीन ते साडेतीन तास. पण हात थांबत थांबत चालतो, त्यामुळे माझा अख्खा हौदा एका सिलेंडरमध्ये सुटला.

जाड प्लेटला कट कसा घ्यायचा, स्टेप बाय स्टेप सांगा ना

आधी साफसफाई. रेषेच्या दोन्ही बाजूंनी दोन-दोन इंच रंग, गंज, डांबर, ग्रीस खरवडून काढा, तारेचा ब्रश मारा. मग सोपस्टोनच्या खडूने आखा आणि लांब रेष असेल तर पंच मारून ठिपके करा, कारण काळ्या चष्म्यातून खडू दिसत नाही, ठिपके चमकतात. एक अँगल क्लॅम्पने रेषेला समांतर लावा आणि टॉर्चचं डोकं त्याला टेकवून ओढा, हातावर विश्वास ठेवू नका.

ज्योत लावताना आधी गॅस थोडा सोडून लायटरने पेटवा, काडेपेटी नको, मग ऑक्सिजन देत देत ज्योतीच्या आतली निळी टोकं छोटी आणि टोकदार करा, आणि मग दांडा दाबून परत एकदा बघा कारण दांडा दाबल्यावर ज्योत थोडी बदलते. प्लेटच्या कडेवर सुरू करा, निळी टोकं प्लेटपासून ३-४ मिमी वर, कड लाल झाली की दांडा हळू दाबा आणि ठिणग्या खालून बाहेर पडल्या की मगच पुढे सरका. २५ मिमीला मिनिटाला फार तर फूटभर जायचं. नवीन पोरं घाई करतात, वरून कट झालेला दिसतो आणि खाली प्लेट जोडलेलीच असते.

मधूनच सुरुवात करायची असेल तर मी १० मिमीचं ड्रिल मारतो आणि त्या भोकातून सुरू करतो. गॅसनेच भोक पाडायचं तर जागा लाल झाल्यावर टॉर्च थोडी वर उचला, थोडी तिरकी धरा आणि मग दाबा, नाहीतर उडालेलं लोखंड सरळ नोझलमध्ये बसतं.

कट मागे परत चिकटतो, असं का?

बहुतेक वेळा ज्योत फार मोठी ठेवलेली असते, वरची कड वितळून गोल होते आणि आत पडते. किंवा वेग फार कमी. किंवा नोझलच्या भोकात घाण. कटच्या पृष्ठभागावरच्या रेषा बघा, त्या जवळपास उभ्या असतील आणि खालची मळी हातोडीच्या एका टपलीने पडत असेल तर सगळं बरोबर आहे, रेषा मागे फार वाकल्यात तर तुम्ही पळताय. नोझल साफ करायला नोझल क्लीनरच वापरा, वायरचा तुकडा घालून भोक मोठं केलं की नोझल गेलंच म्हणून समजा.

बंद पाईप, बंद बॉक्स कापताना काय?

इथे माझ्या स्वतःच्या हातून चूक झालीय म्हणून जरा लांबण लावतो. माझ्या गाडीचा पुढचा गार्ड तीन इंची जाड पाईपचा होता, दोन्ही टोकांना प्लेट मारून बंद केलेला. मी सरळ मधून कापायला घेतला, लाल होईपर्यंत ठीक, आणि एकदम टोकाची प्लेट बंदुकीसारखी सुटली आणि गॅरेजच्या पत्र्यावर जाऊन आदळली. आत पाणी साचलं होतं, वेल्डच्या बारीक फटीतून पावसाळ्यात गेलेलं, त्याची वाफ झाली. हेल्पर पोरगा दोन मिनिटं आधी त्याच बाजूला वाकून खडूची रेष मारत होता. त्या दिवसानंतर कुठलाही बंद पाईप, बंद बॉक्स सेक्शन दिसला की आधी दोन्ही टोकांना ड्रिलने भोकं, पाणी निथळू द्यायचं आणि मगच गॅस. शॉक अॅब्सॉर्बर आणि गॅस भरलेले दांडे तर कापायचेच नाहीत. डिझेलची किंवा तेलाची रिकामी टाकी तर नाहीच नाही, रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट कारण आत वाफ आणि हवा दोन्ही असतात.

गाडीवर काम करताना आग लागू नये म्हणून काय करायचं?

बॅटरीची दोन्ही टोकं काढा. डिझेल टाकी शक्यतो उतरवाच, चार बोल्टचं काम असतं. ब्रेकचे पाईप, एअर पाईप, वायरिंग जिथे जवळ आहे तिथे सोडून बाजूला बांधा, नुसता ओला गोणपाट टाकून भागत नाही कारण तो वीस मिनिटांत सुकतो आणि मग तोच पेटतो. हौद्याची प्लेट कापताना ठिणग्या खाली कुठे पडतात ते बघा, नेमका टायर असतो तिथे, म्हणून चाकं काढून गाडी घोडीवर (लोखंडी स्टँडवर) घ्या. रिमवर टायर असताना रिमला गॅस कधीच लावू नका, टायर आतून तापून बाहेर काही न दिसता बॉम्बसारखा फुटतो, हवा कमी असली तरी.

आमच्याकडे अजून एक गोष्ट, उसाचं पाचट. शेताच्या कडेला, कारखान्याच्या यार्डात काम असेल तर दहा मीटरपर्यंत जमीन झाडून पाणी मारा आणि काम झाल्यावर अर्धा-पाऊण तास तिथेच थांबा. पाचट आतल्या आत धुमसत राहतं आणि तुम्ही जेवायला गेलात की पेटतं.

आणि ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला, धाग्याला तेल-ग्रीस लावू नका, दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल स्वतःच पेट घेतं. ग्रीसचा हात पण लावू नका. ऑक्सिजनने कपडे झटकणं पण बंद करा.

टॉर्चमधून शिट्टी वाजते आणि ज्योत आत जाते, घाबरायचं का?

घाबरायचं नाही पण क्षणभर पण थांबायचं नाही, टॉर्चवरचा ऑक्सिजन आधी बंद, लगेच गॅस, मग दोन्ही सिलेंडर. थंड झाल्यावर नोझल, सीट आणि प्रेशर तपासा. दोन्ही लाईनला फ्लॅशबॅक अरेस्टर (ज्योत नळीतून मागे सिलेंडरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) लावलेले असलेच पाहिजेत, लोक फक्त गॅसच्या बाजूला लावून पैसे वाचवतात, तसं करू नका. नळ्यांचा रंग ओळखीचा आहेच, निळी ऑक्सिजनची आणि लाल गॅसची, आणि गॅसचे आटे उलटे असतात ते चुकून अदलाबदल होऊ नये म्हणूनच, ते जबरदस्तीने बसवायला जाऊ नका.

चष्मा कुठला? वेल्डिंगची काच चालेल?

वेल्डिंगची १०-११ नंबरची काच फार काळी पडते, कट दिसणारच नाही. गॅस कटिंगला ४ किंवा ५ नंबर. साधा गॉगल अजिबात नको. पायात चामड्याचे बूट आणि पँट बुटाच्या बाहेरून, आत खोचायची नाही, नाहीतर ठिणगी थेट बुटात जाते. कपडे सुती, नायलॉनचा टी-शर्ट अंगाला चिकटतो. गॅल्व्हनाईज्ड पाईप असेल तर जस्ताचा पांढरा धूर निघतो, तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो, म्हणून जस्त आधी ग्राइंडरने काढा आणि वारा पाठीकडून येईल असं उभं राहा.

१२ मिमी काढून ५ मिमी टाकली तर हौदा वाकणार नाही का?

तशीच टाकली तर वाकणार. प्लेटचा ताठपणा जाडीच्या घनावर चालतो, म्हणजे १२ ची ५ केली तर तेवढ्याच आधारावर आणि तेवढ्याच वजनाला ती जवळपास चौदा पट जास्त वाकते. पण आधारातलं अंतर निम्मं केलं तर पसरलेल्या वजनाला वाकणं सोळा पट कमी होतं. म्हणून मी खाली ६०० मिमीवर असलेल्या आडव्या चॅनलच्या मधोमध अजून पाच चॅनल टाकले, ७५ मिमीचे, मीटरला साधारण ७ किलो. पाच चॅनल, प्रत्येकी १.८ मीटर, म्हणजे ६३ किलो परत वाढले. २९७ मधून ६३ गेले, उरले २३४. नुसत्या हौद्यात. फक्त जिथे जनरेटर आणि व्हाइस बसतो तिथे मी खालून जादा पट्टी मारली, बाकी सगळीकडे ५ मिमी तीन पावसाळे झाले तशीच आहे. वेल्ड मारायच्या आधी गॅस कटची कड ग्राइंडरने चकचकीत करून घ्या, ऑक्साईडवर वेल्ड धरत नाही.

वजन कमी झालं तर कमानीचे दोन पाटे पण काढू का? गाडी आता उडते.

नको. रिकामी उडते, पण भरल्यावर तेच पाटे लागतात आणि ब्रेक-सस्पेन्शन कंपनीने भरलेल्या वजनावर ठरवलेलं असतं. टायरमधली हवा भाराप्रमाणे बरोबर ठेवा आणि हेडलाईटचा फोकस परत लावून घ्या, मागची बाजू उचलली जाते ना.

आरटीओचं काय?

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आहे, आरसीवरची मूळ माहिती बदलेल असा फेरफार करता येत नाही, आणि तसा केला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक फेरफाराला ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. उलट नंतर चढवलेला क्रॅश गार्ड काढणं म्हणजे गाडी मूळ रूपात आणणं, केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना असे गार्ड काढायला लावा म्हणून कळवलं होतं. पण हौद्याची लांबी-रुंदी, बॉडीचा प्रकार, किंवा आरसीवरचं वजन बदलत असेल तर आधी आरटीओत लेखी विचारा, काट्याच्या पावत्या तिथे कामाला येतात. आणि रिकामी गाडी हलकी झाली म्हणून एकूण वजनाची मर्यादा वाढत नाही, ती आरसीवर लिहिली तेवढीच, फक्त त्यात माल जास्त बसतो. ओव्हरलोडला २० हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार, असं कलम १९४ आहे.

मोठा तुकडा सुटताना सांभाळायचा कसा?

मी हौदा एका तुकड्यात काढलाच नाही, ६०० मिमीच्या पट्ट्या पाडल्या, तरी एकेक पट्टी १०० किलोची. शेवटचे दोन इंच कापायच्या आधी चेन ब्लॉकला (साखळीने वजन उचलायची कप्पी) अडकवा, खाली घोडी लावा, आणि पट्टी कुठल्या बाजूला झुकेल ते आधी ठरवा. स्वतः त्या बाजूला उभं राहू नका आणि नळ्या पण तिथून काढून घ्या. कापलेलं लोखंड काळं दिसतं म्हणून गार आहे असं समजू नका, मी त्याच्यावर खडूने 'गरम' लिहून ठेवतो, म्हणजे चहा घेऊन आलेला माणूस त्याच्यावर बसत नाही.

निघालेल्या प्लेटा भंगारात द्यायच्या का?

चांगल्या असतील तर देऊ नका. माझ्या १२ मिमीच्या पट्ट्यांमधून क्रशरच्या शूटला (खडी घसरत जाते ती पन्हळ) आतून लावायच्या लायनर प्लेटा झाल्या, दोन जेसीबी बकेटांच्या कडा झाल्या. उरलेल्या एका पट्टीचं मी वर्कशॉपमधलं वेल्डिंगचं टेबल केलंय, तिथे ती जितकी जड तितकी बरी.